विश्लेषण : अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडाविश्वाचा नकाशा का बदलतो आहे? पुढचा हादरा २०३० मध्ये?

स्टॅनफर्ड आणि बर्कले ही विद्यापीठे अमेरिकेच्या पश्चिमेकडील, प्रशांत किनाऱ्यावरील कॅलिफोर्नियात आहेत. तरीही त्यांचे संघ २०२४ पासून ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’मध्ये खेळतात. नावात ‘दहा’ असलेल्या ‘बिग टेन’ गटात सध्या १८ विद्यापीठे आहेत, तर ‘बिग ट्वेल्व्ह’मध्ये १६. शतकाहून अधिक परंपरा सांगणाऱ्या ‘पॅक-ट्वेल्व्ह’मध्ये २०२४ साली दोनच सदस्य उरले होते. ही उलथापालथ कशामुळे झाली, तिची किंमत कोण मोजत आहे आणि पुढे काय होऊ शकते, याविषयी…

कॉन्फरन्स म्हणजे नेमके काय?

अमेरिकेत विद्यापीठांचे क्रीडासंघ ‘एनसीएए’ या राष्ट्रीय संघटनेच्या नियमांखाली खेळतात. मात्र नियमित हंगामाचे सामने, वेळापत्रक आणि प्रक्षेपण हक्कांची विक्री हे सारे ‘कॉन्फरन्स’ म्हणजे विद्यापीठांच्या गटांकडे असते. हे गट मुळात भूगोलावर आधारलेले होते. शेजारच्या राज्यांतील विद्यापीठे एकमेकांविरुद्ध खेळत. खेळाडू बस किंवा रेल्वेने प्रवास करत आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे हाडवैर मैदानावर जपले जाई. पुरुषांचा अमेरिकी फुटबॉल हा यातला कमाऊ खेळ. त्याच्या आणि काही प्रमाणात बास्केटबॉलच्या उत्पन्नावर जलतरण, अ‍ॅथलेटिक्स, कुस्ती, टेनिस असे बाकीचे खेळ चालतात. त्यामुळे फुटबॉल ज्या गटात जाईल, त्याच गटात बहुतेक वेळा विद्यापीठाच्या इतर संघांनाही जावे लागते.

बदलाची सुरुवात कुठून झाली?

मूळ १९८४च्या एका निकालात आहे. तोवर फुटबॉलचे किती सामने टीव्हीवर दिसणार हे एनसीएए ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी त्याला आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ अशा बहुमताने ही मक्तेदारी स्पर्धाविरोधी ठरवली. प्रक्षेपण हक्क विद्यापीठांकडे आणि पर्यायाने त्यांच्या गटांकडे आले. ज्या गटात मोठी नावे, त्याला मोठा करार, हे समीकरण तेव्हापासून रूढ झाले. १९९६ मध्ये ‘साउथवेस्ट कॉन्फरन्स’ विसर्जित झाली, ती याच समीकरणाची पहिली मोठी बळी. २०१४ मध्ये ‘बिग टेन’ने पूर्व किनाऱ्यावरील रटगर्स आणि मेरिलँड यांना घेतले. मैदानावरील कामगिरीपेक्षा न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन परिसरातील केबल ग्राहकांची संख्या तेव्हा मोलाची होती, कारण गटाची स्वतःची वाहिनी त्या घरांत पोहोचणार होती.

‘पॅक-ट्वेल्व्ह’ कशी कोसळली?

जुलै २०२१ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनी ‘बिग ट्वेल्व्ह’ सोडून दक्षिणेतील ‘एसईसी’त जाण्याचा निर्णय जाहीर केला. वर्षभराने, जून २०२२ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया आणि यूसीएलए यांनी ‘बिग टेन’ची वाट धरली. लॉस एंजलिसची बाजारपेठच गेल्याने ‘पॅक-ट्वेल्व्ह’ची सौदाशक्ती संपली. नवा प्रक्षेपण करार लांबत गेला आणि अखेर पुढे आलेला ‘अ‍ॅपल’चा प्रस्ताव प्रामुख्याने वर्गणीदारांच्या संख्येवर अवलंबून होता. खात्रीची रक्कम हवी असलेल्या सदस्यांना तो पटला नाही. कोलोरॅडोने जुलै २०२३ मध्ये गट सोडला. ४ ऑगस्ट २०२३ या एकाच दिवशी ऑरेगन आणि वॉशिंग्टन ‘बिग टेन’कडे, तर अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा ‘बिग ट्वेल्व्ह’कडे गेले. पुढच्या महिन्यात स्टॅनफर्ड आणि बर्कलेनेही ‘एसीसी’त आश्रय घेतला. मागे राहिले ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. दोन्ही लहान शहरांतली विद्यापीठे. खेळात कमी नव्हती, पण त्यांच्या मागे मोठी टीव्ही बाजारपेठ नव्हती.

यात किती पैसा आहे?

‘बिग टेन’ने २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी केलेला सात वर्षांचा करार ७ अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा असल्याचे सांगितले गेले. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले होते. म्हणजे वार्षिक सरासरी पाहता विद्यापीठांचा एक गट आयपीएलच्या आसपास पोहोचतो. या पैशाच्या दारात उभे राहण्यासाठी विद्यापीठे आधी नुकसान सोसायलाही तयार आहेत. ‘एसीसी’त प्रवेशासाठी डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने नऊ वर्षे प्रक्षेपण उत्पन्नातील वाटा न घेण्याचे मान्य केले, तर स्टॅनफर्ड आणि बर्कले यांनी पहिली सात वर्षे सुमारे ३० टक्के वाट्यावर समाधान मानले. टेक्सास आणि ओक्लाहोमाने जुना गट वर्षभर आधी सोडण्यासाठी मिळून १० कोटी डॉलर मोजले.

गटागटांतील दरीही रुंदावते आहे. राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या ‘कॉलेज फुटबॉल प्लेऑफ’ स्पर्धेत २०२४ पासून १२ संघ खेळतात. तिच्या २०२६ पासूनच्या नव्या करारात उत्पन्नाचा निम्म्याहून बराच अधिक हिस्सा केवळ ‘बिग टेन’ आणि ‘एसईसी’ या दोन गटांना मिळणार आहे. स्पर्धेच्या भावी रचनेवरही याच दोघांचा शब्द चालतो. म्हणूनच बाकीच्या गटांतील नावाजलेली विद्यापीठे अस्वस्थ आहेत.

खेळाडूंच्या वाट्याला काय आले?

दीर्घकाळ शिष्यवृत्तीपलीकडे काहीच नाही. २०२१ मध्ये ‘एनसीएए विरुद्ध अ‍ॅल्स्टन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने खेळाडूंच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःचे नाव आणि छबी वापरून जाहिरातींतून कमाई करण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ‘हाऊस’ खटल्यातील तडजोडीला मंजुरी दिली. त्यानुसार माजी आणि आजी खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलरची भरपाई दहा वर्षांत द्यायची आहे आणि प्रत्येक विद्यापीठ वर्षाला खेळाडूंना थेट पैसे देऊ शकते. २०२५-२६साठी ही मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. हा नवा खर्च भागवायचा तर उत्पन्न वाढवायला हवे आणि उत्पन्न वाढवायचे तर श्रीमंत गटात शिरायला हवे. खेळाडूंना न्याय देणाऱ्या निकालानेच गटबदलाला आणखी हवा दिली, ती अशी.

पण प्रवासाचा बोजाही त्यांच्यावरच आहे. लॉस एंजलिस ते रटगर्सच्या न्यू जर्सीपर्यंतचे अंतर जवळपास ४ हजार किलोमीटर आणि घड्याळात तीन तासांचा फरक. फुटबॉल संघ आठवड्यातून एकदाच खेळतो. व्हॉलीबॉल, बास्केटबॉल किंवा सॉफ्टबॉलच्या खेळाडूंचे सामने आठवड्याच्या मध्यावरही असतात आणि त्यांना वर्गातही बसायचे असते. ज्यांच्या खेळातून हा पैसा येत नाही, त्यांनाच या पैशासाठी सर्वाधिक वणवण करावी लागते.

हे केवळ अमेरिकेपुरते आहे का?

नाही. अमेरिकेत खेळांसाठी केंद्रीय मंत्रालय नाही. तिचे बहुतेक ऑलिम्पिकपटू या विद्यापीठांतून घडतात. इतर देशांचे खेळाडूही तेथे तयार होतात. टेनिसपटू सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना २००७ आणि २००८ मध्ये एनसीएएचे एकेरीचे विजेतेपद मिळवले. उंच उडीतील तेजस्विन शंकरने कॅन्सस स्टेटकडून २०१८ आणि २०२२ मध्ये विजेतेपद पटकावले. खर्च वाढल्यावर विद्यापीठांची कात्री प्रथम अशाच खेळांवर चालते. करोनाकाळात स्टॅनफर्डसारख्या धनाढ्य विद्यापीठाने ११ खेळ बंद करण्याचे जाहीर केले होते. माजी खेळाडूंच्या तीव्र विरोधानंतर २०२१ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला.

चाहत्यांनी काय गमावले?

ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांच्यातील ‘बेडलम’ नावाने ओळखला जाणारा फुटबॉल सामना १९१० पासून दरवर्षी होत असे. २०२३ नंतर तो थांबला, कारण दोघांचे गट वेगळे झाले. मात्र नाण्याला दुसरी बाजूही आहे. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांचा २०११ नंतर खंडित झालेला सामना, दोघे ‘एसईसी’त एकत्र आल्याने २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाला. एका फेररचनेने तोडलेले दुसरीने जोडले. पण तो योगायोग होता, उद्देश नव्हे.

पुढचा हादरा केव्हा?

बहुतेकांची नजर २०३० कडे आहे. ‘बिग टेन’चा करार २०३० मध्ये आणि ‘बिग ट्वेल्व्ह’चा त्यापुढच्या वर्षी संपतो. ‘एसीसी’चा ‘ईएसपीएन’शी करार २०३६ पर्यंत आहे, पण फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन यांनी गटालाच न्यायालयात खेचले आणि मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली. त्यानुसार गट सोडण्याचे शुल्क टप्प्याटप्प्याने घटून २०३०-३१ पर्यंत साडेसात कोटी डॉलरवर येईल. म्हणजे मोठ्या गटांचे करार नव्याने होत असतानाच ‘एसीसी’चे दार किलकिले झालेले असेल. गटाला एकत्र ठेवण्याचा एक मार्ग म्हणजे भागभांडवल आणणे. ‘बिग टेन’पुढे २.४ अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचा असा प्रस्ताव आला होता. त्यात सदस्यांना २०४६ पर्यंत बांधून ठेवण्याची तरतूद होती. मिशिगन आणि सदर्न कॅलिफोर्निया यांच्या विरोधामुळे २०२५ च्या अखेरीस तो रखडला.

कोणते पर्याय चर्चेत आहेत?

पहिला, ‘बिग टेन’ आणि ‘एसईसी’ आणखी काही बडी नावे ओढून घेतील आणि प्रत्यक्षात एक महासंघ तयार होईल. दुसरा, फुटबॉल वेगळा काढून बाकीचे खेळ पुन्हा प्रादेशिक गटांत खेळवायचे. यूसीएलएचे तत्कालीन प्रशिक्षक चिप केली यांनी २०२३ मध्ये हीच सूचना केली होती. तिसरा, सर्व गटांनी हक्क एकत्र विकायचे. व्यावसायिक लीगना १९६१च्या कायद्याने तशी सवलत आहे, विद्यापीठांना नाही. वॉशिंग्टन राज्याच्या सेनेटर मारिया कँटवेल यांच्या विधेयकात ही सवलत विद्यापीठांना देण्याची तरतूद आहे; पण जास्त मिळवणारे गट आपला वाटा खुशीने सोडतील, अशी चिन्हे नाहीत.

मागे राहिलेल्या दोघांनी मात्र हार मानलेली नाही. ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट यांनी न्यायालयीन लढाईतून गटाची मालमत्ता आणि नाव राखले. बॉइझी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, गोन्झागा, टेक्सास स्टेट आदींना घेऊन ‘पॅक-ट्वेल्व्ह’ची जुलै २०२६ पासून नव्याने उभारणी ठरली. नाव तेच, बाजारपेठ लहान आणि करारही लहान. भूगोल आणि जुने शेजार सोडून दिल्यावर गटाला धरून ठेवणारा धागा फक्त कराराच्या मुदतीचा उरतो. ती मुदत २०३० मध्ये संपू लागेल तेव्हा आज सुरक्षित वाटणाऱ्या कोणत्या विद्यापीठावर ऑरेगन स्टेटची वेळ येईल, हा खरा प्रश्न आहे.