तट वाचायला शिकूया

किल्ला कोणी जिंकला हे आपण मुलांना शिकवतो. तो कसा जिंकला, हे क्वचितच सांगतो. डहाणू ते वसई हा किनारा या दुसऱ्या प्रश्नाचा उत्तम धडा आहे. चिमाजी आप्पांच्या फौजांनी जानेवारी १७३९ मध्ये केळवे-माहीम, डहाणू, तारापूर ही पोर्तुगीजांची ठाणी घेतली आणि मे महिन्यात वसई. या मोहिमेत तलवारीइतकाच वाटा कुदळीचा होता. तो तितक्याच अभिमानाने सांगितला गेला पाहिजे.

वेढ्याचे शास्त्र आपल्याकडे जुने आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात स्थिर आणि चल अशा दोन्ही प्रकारच्या युद्धयंत्रांची यादी येते. पुढे इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या आरंभी सिंधमधील देबलच्या वेढ्यात अरबांनी वापरलेले मंजनिक ओढायला पाचशे माणसे लागत, असे अरबी इतिहासकार बलाझुरी सांगतो. मंजनिकाचे तत्त्व सोपे आहे. आडव्या आसावर लांब तुळई, तिच्या आखूड टोकाला ओढणारी माणसे किंवा जड वजन आणि लांब टोकाला गोफण. आखूड टोक खाली खेचले की लांब टोक वेगाने उसळते, गोफण त्या वेगात भर घालते आणि दगड सुटतो. पिकावरची पाखरे हाकणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात असते ती हीच गोफण. हे यंत्र वेढा घालणाऱ्यांच्याच मालकीचे नव्हते. १३०१ च्या रणथंभोरच्या वेढ्यात अल्लाउद्दीन खिलजीचा सेनानी नुसरतखान किल्ल्यातून आलेल्या दगडानेच मारला गेला.

तोफा आल्या आणि तटाचे रूप बदलले. उंच पण पातळ भिंत गोळ्यापुढे टिकत नाही. म्हणून भिंती जाड झाल्या आणि बुरूज कोन काढून पुढे आले. एका बुरुजावरून शेजारच्या बुरुजाच्या पायथ्यावर मारा करता यावा, हा त्यामागचा हेतू. पोर्तुगीजांनी वसईला असाच तट उभारला. तीन बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूला बुरुजांची रांग. तिथे नुसता तोफांचा मारा पुरणारा नव्हता.

म्हणून मराठे जमिनीखाली गेले. मोर्चे हळूहळू पुढे सरकवायचे, त्यांच्या आडोशाने तटाच्या पायापर्यंत भुयार न्यायचे, शेवटी कोठी खणून तीत दारू ठासायची, तोंड मातीने घट्ट बुजवायचे आणि बत्ती द्यायची. तोंड बंद असल्याने स्फोटाचा जोर वर जातो आणि बुरूज उखडतो. तारापूरला सुरुंगांनी तट फोडला. तिथल्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर पडले. वसईला एक सुरुंग उशिरा उडाला आणि भगदाडाकडे धावलेले मराठेच त्यात गाडले गेले. तरीही हल्ला पुन्हा उभा राहिला आणि वसई शरण आली. माथ्यावर गोळ्या झेलत माती उपसणाऱ्या बेलदारांची नावे मात्र इतिहासाने फारशी जपली नाहीत.

डहाणू आणि तलासरीच्या मुलांना हा इतिहास पाहायला लांब जावे लागत नाही. खाडीकाठचा डहाणूचा किल्ला, उंच गंभीरगड, लहान टेकड्यांवरचे सेगवाह आणि बल्लाळगड यांची तुलना केली तरी पुष्कळ कळते. गंभीरगडाचे रक्षण उंची आणि कातळ करतात: तिथे तोफ चढवणे कष्टाचे आणि काळ्या पाषाणात सुरुंग खणणे त्याहून अवघड. किनाऱ्यावरच्या किल्ल्याला हे कवच नाही. त्याला तटाच्या जाडीवर आणि समुद्रातून येणाऱ्या कुमकेवर विसंबावे लागते. तट कोणत्या शस्त्राला भिऊन बांधला, हे त्याच्या बांधणीतच नोंदलेले असते.

ही नोंद झाडांच्या मुळांनी, चोरून नेलेल्या दगडांनी आणि अजाण सिमेंटने पुसली जाते. पुरातत्त्व खात्याने, ग्रामपंचायतींनी आणि इथल्या महाविद्यालयांनी मिळून या लहान किल्ल्यांची मोजणी, नकाशे आणि छायाचित्रे आधी करावीत. डागडुजी त्यानंतर, जाणकारांच्या देखरेखीखाली. शाळांनी इतिहासाचा एक तास तटाजवळ घ्यावा. वसईचा विजय आपण साजरा करतो. तो ज्या शास्त्राने आणि ज्या हातांनी मिळाला, त्यांचा अभ्यास हाच त्या विजयाचा खरा मान आहे.