धुऱ्यापर्यंत नेणारा पोशाख

अमरावती-अकोल्यात जमीन-घरांच्या व्यवहारात उतरणाऱ्या नव्या पोरांना पहिला सल्ला मिळतो तो कपड्यांचा. सात-बारा कसा वाचायचा, फेरफार कुठे पाहायचा, एनए आदेशातल्या अटी कोणत्या, हे सगळं नंतर. आधी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोकदार चकचकीत बूट, मनगटावर जाडजूड घड्याळ, डोळ्यांवर गॉगल आणि जमलं तर गळ्यात सोन्याची साखळी. ‘लोकं कपडे पाहूनच इसार देतेत भाऊ,’ हे वाक्य त्या सल्ल्याला हमखास जोडलेलं असतं. हा सल्ला चुकीचा आहे आणि त्यात नवख्या एजंटाचं व त्याच्या गिऱ्हाइकाचं, दोघांचंही नुकसान आहे. कपड्यांशी काही देणंघेणंच नाही, हे दुसऱ्या टोकाचं मतही तितकंच चुकीचं आहे. ही दोन्ही मतं तपासून मगच मला माझं म्हणणं मांडायचं आहे.

विषय वरकरणी किरकोळ वाटेल, पण आज तो तसा राहिलेला नाही. अकोल्यात 2016 च्या हद्दवाढीनं मलकापूर, उमरी, खडकी ही गावं महापालिकेत आली. अमरावती जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला, सप्टेंबर 2024 मध्ये पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली, एप्रिल 2025 मध्ये बेलोऱ्याच्या विमानतळावरून प्रवासी विमान उडू लागलं. रस्ता, कारखाना, विमानतळ अशी बातमी आली की शेतात खुंट्या ठोकल्या जातात आणि प्लॉट दाखवायला माणसं लागतात. शिकलेली, पण नोकरी न मिळालेली मुलं-मुली मोठ्या संख्येनं या कामाकडे वळत आहेत. त्यांना पहिल्या दिवशी जे शिकवलं जाईल, त्यावर पुढची कितीतरी वर्षं इथल्या कुटुंबांच्या पुंजीचं काय होणार हे ठरेल.

आधी पहिल्या पक्षाचं म्हणणं नीट ऐकू. ते म्हणतात, एजंटाकडे दुकान नाही, मालाची मांडणी नाही. निवृत्त शिक्षक ग्रॅच्युइटीचे पैसे घेऊन येतो, शेतकरी भूसंपादनाच्या मोबदल्यातून मुलासाठी शहरात प्लॉट पाहतो. त्यांना समोर दिसतो तो फक्त एक अनोळखी माणूस. त्याच्या अंगावरचे कपडे पाहूनच ते त्याला जोखणार, म्हणून कपड्यांवर खर्च करा. यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. अनोळखी माणसाला आपण सगळेच आधी कपड्यांवरून जोखतो. पण त्यावरून भपका करा, हा निष्कर्ष निघत नाही. गिऱ्हाईक जोखतं हे खरं असेल, तर ते नेमकं काय जोखतं आणि आपले कपडे त्याला काय सांगतात, हा खरा प्रश्न आहे.

कडक पांढरा पोशाख, गॉगल आणि सोनं यांचा आपल्या भागात एक ठरलेला अर्थ आहे: या माणसाची वरपर्यंत ओळख आहे. ले-आउटला मंजुरी नसली तरी पुढे होऊन जाईल, मोकळ्या जागेवर प्लॉट पाडला असला तरी कुणी हात लावणार नाही, फेरफार अडला तर भाऊ पाहून घेतील. तोंडानं यातला एक शब्दही न उच्चारता ते कपडे हे आश्वासन देऊन टाकतात. कागदाच्या जागी ओळख विकण्याचा हा प्रकार आहे. पांढऱ्या रंगाला माझा आक्षेप नाही. वऱ्हाडच्या उन्हात पांढऱ्या सुती कापडाइतकं शहाणपणाचं काही नाही, आपले आजे-पणजे धोतर, सदरा आणि दुपट्ट्यात वावरले ते उगाच नव्हे. आक्षेप आहे तो दबदबा दाखवण्यासाठी केलेल्या वेशाला.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे, आणि माझ्या मते तो सगळ्यात गंभीर आहे. नव्या एजंटाला पगार नसतो. एक-दोन टक्के दलाली मिळते ती बहुधा रजिस्ट्री झाल्यावर, आणि पहिला सौदा जुळायला महिनेच्या महिने जातात. या काळात कपडे, घड्याळ, फोन आणि गाडी उसनवारीनं किंवा हप्त्यांवर घेतली, की हप्त्याची तारीख प्रत्येक सौद्यात शिरते. पोटहिश्श्याचा वाद ठाऊक असूनही तो गिऱ्हाइकाला सांगायचा की नाही, बहिणीच्या हक्कसोडपत्रावर सही झालेली नाही हे बोलायचं की गिळायचं, याचा निर्णय मग त्या तारखेच्या दबावाखाली होतो. मुळात चांगली असलेली मुलं याच दबावाखाली पहिल्यांदा खोटं बोलतात. श्रीमंत दिसण्याची सक्ती नवख्याला गरीब करते आणि गरजवंत दलाल गिऱ्हाइकाला महागात पडतो.

तिसरा आक्षेप जमिनीचा. आपली काळी माती दोन ऋतूंत दोन प्रकारे परीक्षा घेते. मे महिन्यात ती भेगाळते आणि उंच टाचेचं पादत्राण भेगेत अडकतं. मृगाचे दोन पाऊस पडले, की तीच माती तळव्याला अशी चिकटते की दहा पावलांत पायाला शेर-दोन शेरांचं ओझं लागतं. पावसाळ्यात कठोरा रोडच्या किंवा गोरक्षण रोडच्या पुढच्या एखाद्या नव्या ले-आउटवर उभं राहून पाहावं. गाडी डांबरी रस्त्यावर थांबते. नवरा-बायको उतरतात, बाईंच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेल्या कागदांच्या झेरॉक्स असतात. एजंट गाडीच्या दारापाशीच उभा राहतो, बूट खराब होऊ नयेत म्हणून पाय कडेच्या मुरमावर ठेवतो आणि हात लांब करून सांगतो, ‘तो पाहा, त्या बाभळीच्या अलीकडचा.’ नवरा म्हणतो, ‘काऊन भाऊ, तिथलोक जाऊन पाहू ना!’ उत्तर येतं, ‘चिखल आहे हो, नकाशात सगळं आहे.’ त्या बाभळीपाशी नाल्याचं पाणी तुंबलेलं असतं. प्लॉटची उत्तरेकडची खुंटी शेजाऱ्याच्या धुऱ्यात गेलेली असते. नकाशात यातलं काहीच नसतं. त्या बुटांनी गिऱ्हाइकाला जमिनीपासून तोडलं, हा त्यांचा गुन्हा.

याच पक्षाची एक शहरी शाखा आहे: कोट आणि टायची. प्रशिक्षणाच्या व्हिडिओंमधून ती आली. ज्या शहरांत वातानुकूलित ऑफिसातून वातानुकूलित गाडीत बसून वातानुकूलित नमुना-घर दाखवायचं असतं, तिथे ती शोभत असेल. इथलं वास्तव वेगळं आहे. मे 2024 मध्ये अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर गेला तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांना कलम 144 लागू करावं लागलं. कामगारांना पाणी आणि सावली देण्याचं, भर दुपारचे शिकवणीवर्ग बंद ठेवण्याचं बंधन घालावं लागलं. ज्या वकिली पेशाची ओळखच काळा कोट, त्यातही बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार उच्च आणि सर्वोच्च न्यायालय सोडून इतरत्र उन्हाळ्यात तो कोट सक्तीचा नाही. न्यायालयाच्या दारात जी सवलत मिळते, ती उघड्या शेतात उभ्या राहणाऱ्या पोराला नाकारण्यात काय अर्थ आहे? घामानं निथळणारा माणूस सौदा लवकर उरकायला पाहतो. त्याचं प्रश्नांकडे लक्ष लागत नाही आणि गिऱ्हाइकालाही ते कळतं.

आता दुसरा पक्ष. हे लोक म्हणतात, कपड्यांत काय ठेवलंय? कागद स्वच्छ असले की झालं. आणि मग आपल्या मातीतला सगळ्यात मोठा दाखला देतात: गाडगेबाबा. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावी 1876 साली जन्मलेला हा माणूस अंगावर चिंध्यांची गोधडी आणि हातात गाडगं घेऊन हिंडला आणि लोकांनी त्याच्या शब्दावर लाखो रुपये दिले. त्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. दाखला खरा आहे, पण तो त्यांच्या बाजूनं साक्ष देत नाही. बाबांचा वेश निष्काळजीपणातून आलेला नव्हता. त्यांचं सगळं आयुष्य त्या गोधडीत स्पष्ट दिसत होतं. स्वतःसाठी काही ठेवायचं नाही हे त्यांनी ठरवलं होतं, आणि हातातला खराटा हे त्यांचं काम होतं. वेश आणि काम यांच्यात तसूभरही फट नव्हती, म्हणून लोकांनी विश्वास टाकला. मळका टी-शर्ट, घासलेली स्लिपर, खिशातून डोकावणारी खर्ऱ्याची पन्नी आणि शर्टावर उडालेला लाल डाग घेऊन दुसऱ्याच्या आयुष्यभराच्या पुंजीबद्दल बोलायला येणाऱ्यानं बाबांचं नाव घेऊ नये. ज्यांनी गावोगाव स्वच्छता शिकवली, त्यांच्या नावाखाली गबाळेपणाला आसरा मिळत नाही. कागद स्वच्छ हवेत हे बरोबरच आहे. पण जो स्वतःच्या नखांकडे आणि कॉलरकडे पाहत नाही, तो माझा तेरा वर्षांचा शोध अहवाल ओळ न ओळ वाचेल, असं गिऱ्हाइकानं का मानावं?

गाडगेबाबांच्या दाखल्यातूनच माझी कसोटी निघते: कपड्यांनी कामाबद्दल खरं सांगावं आणि काम पूर्ण करू द्यावं. आपलं काम म्हणजे गिऱ्हाइकाला प्लॉटच्या चारही खुंट्यांपर्यंत चालत नेणं, त्याच्या घरात बसून कागद उलगडणं आणि आपण कोण आहोत हे लपवून न ठेवणं. या तीन गोष्टी करू देणारा पोशाख बरोबर, अडवणारा चूक.

धुऱ्यापर्यंत चालायचं, तर फिकट रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, सैलसर सुती पँट आणि जाड तळाचे बंद बूट. बाही उन्हापासून वाचवते आणि बाभळीच्या काट्यांपासूनही. पावसाळ्यात गाडीच्या डिकीत गमबूट ठेवावेत, आपल्यासाठी आणि शक्य तर गिऱ्हाइकासाठी एक जास्तीची जोडी. उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा किंवा टोपी खुशाल बांधावी, गॉगलही लावावा. मात्र बोलताना गॉगल उतरवून डोळ्यांत पाहून बोलावं. बांधकाम चालू असलेला फ्लॅट दाखवणाऱ्यालाही यातून सूट नाही. तिथे चिखलाऐवजी कठडा नसलेला जिना आणि उघड्या सळया असतात. म्हणून डोक्यावर हेल्मेट आणि पायात तेच बंद बूट.

घरात बसायचं, तर वेगळा विचार लागतो. आपल्याकडे पादत्राणं उंबऱ्याबाहेर निघतात, म्हणून बूट पटकन निघणारे हवेत आणि मोजे धुतलेले, न फाटलेले हवेत. जुन्या वाड्यात किंवा खेड्यातल्या घरी नकाशा सतरंजीवर पसरला जातो. मांडी घालून बसता येणार नाही अशी घट्ट जीन्स घातलेला एजंट खुर्ची शोधतो आणि घरातला म्हातारा, ज्याची सही सगळ्यात महत्त्वाची, तो खालीच राहतो. त्याच्या शेजारी बसता आलं, तर तो विहिरीची, वहिवाटीची, पांदणीच्या जुन्या भांडणाची गोष्ट सांगतो. ती गोष्ट सात-बाऱ्यावर सापडत नाही.

मुलींना या व्यवसायात दुप्पट सल्ले मिळतात आणि त्यातले बहुतेक कामाशी संबंध नसलेले असतात. त्यांच्यासाठीही हीच कसोटी पुरे आहे: साडी, पंजाबी ड्रेस किंवा शर्ट-पँट, जे घालून धुऱ्यावरून न अडखळता चालता येईल, दुचाकी चालवता येईल आणि सतरंजीवर निर्धास्त बसता येईल ते. त्यापलीकडे बोलण्याचा कुणाला अधिकार नाही.

तिसरी गोष्ट ओळखीची, आणि इथे मी सर्वांत आग्रही आहे. रेरा कायद्यात कपड्यांविषयी एक अक्षर नाही; पण कलम 9 प्रमाणे नोंदणीकृत प्रकल्पातला प्लॉट किंवा फ्लॅट विकून देण्यासाठी एजंटाची नोंदणी लागते आणि प्रत्येक विक्रीत आपला नोंदणी क्रमांक सांगावा लागतो. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातली विक्री जुळवून देणं कलम 10 नं मना केलं आहे. महारेरानं 2023 मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि सक्षमता प्रमाणपत्राची परीक्षाही आणली. मग तो क्रमांक फाइलमध्ये दडवायचा कशाला? नाव, फोटो आणि नोंदणी क्रमांक असलेलं ओळखपत्र शर्टाच्या खिशावर, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरांत असावं. सोन्याची साखळी खोटी असू शकते. हा क्रमांक गिऱ्हाईक फोनवर तिथल्या तिथे तपासू शकतं. वऱ्हाडला ही कल्पना परकी नाही. इथल्या कापसाच्या बाजारात 1897 च्या कापूस व धान्य बाजार कायद्यानं दलाल आणि मापाडी परवान्याखाली आले होते. दलालाची पत परवान्यानं ठरावी, हे या भागानं देशाला आधी दाखवलं. मग जमिनीच्या दलालीत आपण मागे का राहावं?

यावर एक शेवटचा आक्षेप येईल: बाजूचा एजंट भपका करून सौदा पळवेल, साधा पोरगा उपाशी राहील. काही सौदे तो पळवेलही. पण अमरावती आणि अकोला ही अजूनही सोयरसंबंधांची शहरं आहेत. इथे प्लॉट घेणारा माणूस आधी मामाला, साल्याला आणि शाळेतल्या सहकाऱ्याला विचारतो. ‘तो पोरगा आमच्यासंगं चिखलात आला आणि खुंटी चुकल्याचं त्यानंच दाखवलं,’ हे वाक्य एका कुटुंबातून निघालं की दहा घरी पोचतं. कुठल्याही घड्याळाला ही पोच नाही.

म्हणून नव्या मुलांना हाताशी धरणाऱ्या जुन्या एजंटांना माझी विनंती आहे. पहिल्या दिवशी त्यांना कपड्यांच्या दुकानात नेऊ नका. त्यांना साध्या सुती शर्टावर, जाड तळाच्या बुटांत, मोजणीची क-प्रत हातात देऊन एखाद्या शेतात न्या आणि चारही खुंट्या शोधायला लावा. त्या कपड्यांनिशी त्यांना ते जमलं, तर पोशाख बरोबर आहे. कपड्यांवरचे जे पैसे वाचतील, ते परीक्षेच्या आणि नोंदणीच्या शुल्कात जाऊ द्या.