पॅन्क्रियाटायटिसमध्ये आजोबांना उपाशी ठेवू नका

सत्तरीच्या रुग्णाला स्वादुपिंडाचा तीव्र दाह झाला, की घरचे हमखास म्हणतात, "डॉक्टर, पोटाला आराम द्या." आम्हीही पूर्वी तेच शिकलो होतो. पण आतडं रिकामं राहिलं की त्याचं अस्तर कमकुवत होतं आणि आतले जंतू रक्तात शिरू शकतात. म्हातारपणी तिथली प्रतिकारशक्ती मुळातच मंदावलेली. म्हणून सोसत असेल तर पहिल्या 24 तासांतच पेज किंवा मऊ खिचडी सुरू व्हावी. तोंडाने जमत नसेल तर नळीने. सलाईन लागतंच, पण ते जेवण नव्हे. "खायला कधी देणार?" हे डॉक्टरांना जरूर विचारा. मात्र 'चांगले जंतू' म्हणून प्रोबायोटिकचा आग्रह नको. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या चाचणीत, गंभीर रुग्णांपैकी ते घेणाऱ्यांमध्येच मृत्यू जास्त झाले.