उजेड ड्युटीवर, काळोख घरी

पहाटे चारला टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घ्यायला उठलेली सिस्टर पेशंटच्या काखेत थर्मामीटर ठेवते आणि कॉटच्या दांडीला धरून उभ्या उभ्या डुलकी काढते. मी काढलेली आहे. माझी ३४ वर्षं नोकरी झाली. त्यातल्या किती रात्री वॉर्डात गेल्या ते मोजलं नाही, पण एक रात्र विसरत नाही. इन्सुलिन भरत होते आणि सिरिंजवरचा आकडा दोनदा वाचूनही डोक्यात शिरेना. शेजारी उभ्या मावशी म्हणाल्या, "सिस्टर, आधी तोंडावर पाणी मारून या." त्या बोलल्या म्हणून निभावलं. तेव्हा मी सगळा दोष स्वतःला दिला, दुपारी झोपले नाही म्हणून. आज म्हणेन, निम्मा दोष टेबलावरच्या त्या मिणमिणत्या दिव्याचा होता.

रात्री दहाला वॉर्डातले दिवे मालवतात. ते बरोबरच आहे, पेशंटला झोप हवी. पण त्याच अंधारात सिस्टरचं टेबलही जातं, आणि औषधं भरायची जागासुद्धा. जिथे अँपुलवरची मुंगीएवढी अक्षरं वाचायची, तिथेच उजेड नाही!

हा प्रश्न नुसता दिसण्याचा नाही. डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर सुमारे २०,००० पेशींचा एक ठिपका आहे. तेच आपलं घड्याळ. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात, की त्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं नव्हे, तर बाहेर दिवस आहे की रात्र एवढं या घड्याळाला कळवणं. निळसर पांढऱ्या उजेडाला त्या सगळ्यात जास्त जाग्या होतात. अंधार पडला की मेलाटोनिन स्रवतं आणि अंग झोपेची तयारी करतं. पहाटे चार-पाचच्या सुमाराला शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं आणि डोकं सर्वांत मंद. म्हणून चारची डुलकी हा आळस नव्हे. आणि रागवायला येणाऱ्या सुपरवायझरबाईंचं घड्याळही त्या वेळी तेच सांगत असतं.

उजेड लक्समध्ये मोजतात. भर उन्हात एक लाखाच्या आसपास, ऑफिसात तीनशे ते पाचशे. १९९० साली अमेरिकेत बोस्टनच्या चार्ल्स साइस्लर यांनी आठ तरुणांवर प्रयोग केला. साध्या, दीडशे लक्सच्या उजेडात सहा रात्री काम करूनही त्यांचं तापमान पहाटे साडेतीनच्या सुमारालाच तळाला जाई. मग रात्री ७,००० ते १२,००० लक्सचा उजेड दिला आणि दिवसा जवळजवळ पूर्ण काळोख. चार दिवसांत तो तळ दुपारी तीनवर सरकला. रात्रीची हुशारी वाढली, दिवसाची झोपही वाढली. ते सगळे तरुण पुरुष, काम बसून करायचं, आणि सासर नव्हतं असं मी धरून चालते. तरी त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे: नुसता उजेड देऊन ते थांबले नाहीत, काळोखही दिला.

मेट्रनबाईंना माझी विनंती छोटी आहे. १२ मेला, परिचारिका दिनी, आम्हाला गुलाबाचं फूल आणि पेन देता, त्याऐवजी एकदा औषधाच्या टेबलावर आणि सिस्टर-रूममध्ये चांगले पांढरे एलईडी बसवून द्या. पेशंटच्या बाजूला पडदा लावा, त्यांच्या डोळ्यांवर झोत येऊ देऊ नका. बसवताना दिवा जवळ येईल असं बघा, कारण अंतर दुप्पट झालं की लहान दिव्याचा उजेड चौथाईवर येतो. छताला उंच लटकलेली ट्यूब म्हणूनच फारशी कामाला येत नाही.

मुलींनो (आणि ब्रदर, तुम्हीही), ड्युटी सुरू झाल्यापासून तीन-साडेतीनपर्यंत जमेल तेव्हा या उजेडात बसा. नोट्स तिथेच लिहा. दर तासाला पंधरा मिनिटं मिळाली तरी चालेल. दिव्याकडे टक लावून बघायचं नाही. तीननंतर चहा नको. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं पाच तासांनीही अंगात असतं. सलग पाच-सहा नाईट असतील तरच घड्याळ सरकवायच्या मागे लागा. दोनच नाईट असतील, तर उजेड घ्यायचा तो त्या वेळेपुरतं जागं राहायला. डोळ्यांचा आजार, मायग्रेन किंवा बायपोलरचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

सकाळचं ऊन मात्र वैरी. ते घड्याळाला परत दिवसावर ओढतं. सकाळच्या सिस्टरला ओव्हर देऊन बाहेर पडताना गॉगल लावा. लोक हसतील, हसू द्या. पण गॉगल लावून स्कूटी चालवायची नाही. आधीच पेंगुळलेली असता, त्यात काळोख केला तर अपघात ठरलेला. रिक्षा, बस, लोकल, काहीही चालेल.

आता घरच्यांशी बोलते, कारण खरी अडचण तिथे आहे. नाईट करून आलेली सून सकाळी नऊला घरात येते आणि सगळ्यांना वाटतं, आज हिला सुट्टी. मग डबा, गॅसवाला, मुलाची शाळेची मीटिंग, आणि "जरा पोळ्या तेवढ्या लाटून झोप." ती झोपते बाराला, तेही उजळलेल्या खोलीत, कुकरच्या शिट्टीत. चारला मुलं येतात. अशी झोप किती होणार? सासूबाई, तुम्हाला दोष देत नाही. तुम्हाला हे कुणी सांगितलंच नाही. सून रात्रीत जे करते ते तुमच्या दिवसाएवढंच काम आहे, फक्त तिची रात्र दुपारी येते. ती येईल तेव्हा खिडकी आधीच झाकलेली ठेवा. महागडे पडदे लागत नाहीत. जुनी जाड गोधडी आणि चार खिळे पुरतात. फटीला काळा कागद. बेल बंद करा, दारावर पाटी लावा, कुरिअर शेजारी घेतील. टीव्ही बंद नाही झाला तरी आवाज कमी. एकाच खोलीचं घर असेल तर डोळ्यांवर पट्टी बांधायला सांगा आणि तेवढे तास पाहुणे थोपवा.

आणि दादा, खोली खरंच काळोखी झाली का ते तुम्हीच बघा. भर दुपारी बाराला आत जा, दार लावा, पाच मिनिटं थांबा आणि हात समोर धरा. बोटं मोजता आली, तर अजून एक गोधडी लागेल.