गादीवरचा ताप



मार्च २०२३ मध्ये आपल्या नगरमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाचे निधन झाले. तपासणीत कोरोना आणि एच३एन२ हा फ्लूचा विषाणू, असे दोन्ही आढळले होते. त्या आठवड्यात कापड बाजारात पुन्हा मास्क दिसू लागले आणि महिनाभरात ते नाहीसेही झाले. आपली स्मृती उधारीच्या वहीइतकी पक्की असती, तर हा लेख लिहावा लागला नसता.

साधी सर्दी हळूहळू येते. फ्लू बहुधा एकाएकी येतो. सकाळी दुकान उघडणारा मनुष्य दुपारी हुडहुडी भरून अंथरूण धरतो. जोराचा ताप, अंग मोडून येणे, डोकेदुखी, घशात खवखव, कोरडा खोकला ही त्याची लक्षणे. बहुतेकांचा ताप तीन-चार दिवसांत उतरतो. खोकला व थकवा मात्र पुढेही रेंगाळतो.

परंतु धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, गुंगी येणे वा असंबद्ध बोलणे, लहान मुलाने दूध-पाणी नाकारणे, यांपैकी एक जरी दिसले तरी घरगुती काढ्यावर विसंबू नये. थेट रुग्णालय गाठावे. उतरलेला ताप दोन दिवसांनी पुन्हा चढला, तर तोही न्यूमोनियाचा इशारा असू शकतो. साठीपुढील वडीलधारी मंडळी, गर्भवती, पाच वर्षांखालील बालके, तसेच मधुमेह, दमा वा हृदयविकार असलेल्यांनी एवढीही वाट पाहू नये. ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाल्यास अधिक गुण देते. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी पुण्यातील एका शाळकरी मुलीचा घेतला. त्यानंतरच्या सरकारी मार्गदर्शनातही अशा जोखमीच्या रुग्णांसाठी तपासणीच्या निकालाची वाट न पाहता हे औषध देण्याची मुभा आहे. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मात्र कपाटातच राहू द्याव्यात; विषाणूवर त्यांचा काही उपयोग नाही.

आपल्या किराणा व्यापाऱ्यांना एक गोष्ट रोचक वाटेल. या औषधासाठी लागणारे शिकिमिक आम्ल मसाल्याच्या चक्रफुलातून काढले जाते. म्हणून चक्रफूल उकळून प्यायल्याने फ्लू बरा होतो असे मात्र नव्हे!

खरा प्रश्न दुकानाचा आहे. ‘गोळी घेतली आहे, दोन तास गादीवर बसतो’ हे वाक्य कोणत्या घरात ऐकू येत नाही? गोळीने ताप उतरतो, संसर्ग थांबत नाही. लक्षणांच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच ते सात दिवस रोगी इतरांना रोग देऊ शकतो. गोळीविना चोवीस तास ताप न आल्यावरच गल्ल्यावर बसावे, आणि हाच न्याय मुनीमजींना व नोकरांनाही लावावा, पगार न कापता. थुंकी लावून नोटा मोजणे व फुंकर मारून पिशवी उघडणे या सवयी तर आजच सोडाव्यात. ओल्या स्पंजची डबी काही महाग नाही.

आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात पुन्हा डोके वर काढतो, आणि तेव्हाच चातुर्मासाची प्रवचने व पर्युषण असते. खोकला असल्यास स्थानकात न जाता घरीच सामायिक करावी. तापात शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते. म्हणून उपवासाचे वा चौविहाराचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांना व महाराजसाहेबांना आजाराची स्पष्ट कल्पना द्यावी. तपाचा अंतराय वाटेल, पण मधुमेही आजोबांच्या बाबतीत येथे संकोच करणे मला योग्य वाटत नाही.

लसीविषयी आपल्या घरांतून विचारला जाणारा प्रश्न टाळून चालणार नाही. फ्लूच्या बहुतेक लसी कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवून तयार होतात. अंड्याविना बनणाऱ्या लसीही जगात आहेत. त्या येथे मिळतील का, हे डॉक्टरांना विचारावे. औषधाच्या कॅप्सूलचे आवरणही बहुधा जिलेटिनचे असते. तेथे पातळ औषधाचा पर्याय मागता येतो. निर्णय ज्याच्या त्याच्या विवेकाचा, परंतु तो आजार येण्यापूर्वी व्हावा. विषाणू रूप पालटतो म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते, आणि संरक्षण तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. तेव्हा ज्यांना ती घ्यायची आहे, त्यांनी मे अखेरपर्यंत, पावसाची पहिली सर येण्याआधी घ्यावी.