तोंडातला पांढरा डाग : घाबरू नका, लपवू नका



उसाच्या पानावर डाग दिसला की आपण लगेच शेतकी खात्याच्या माणसाला बोलावतो. स्वतःच्या गालात डाग दिसला तर मात्र तोंड मिटून बसतो. हे मला चामोर्शीत उमगले.

माझा थोरला मुलगा गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीला शिक्षक आहे. तो भाग धानाचा, पण पानठेला तिथंही आहेच. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला तिकडचा खर्रा म्हणजे आपल्याकडच्या माव्याचा सख्खा भाऊ. मुलगा खर्रा खात नाही, तरी त्याच्या गालात पांढरा डाग आला. 'कॅन्सर असला तर?' या धास्तीने दोन महिने तो कोणाला बोलला नाही. शेवटी दातांच्या डॉक्टरांना दाखवलं, तर तुटक्या दाढेची धार गालाला घासत होती! धार गुळगुळीत केली आणि पंधरा दिवसांत डाग गेला.

घरी येऊन मी आरसा घेतला. मी मळलेली तंबाखू ज्या ओठाआड धरतो, तिथेच कातडी पांढुरकी, सुरकुतलेली. डॉक्टर म्हणाले, "तंबाखू सोडा आणि परत दाखवा." सोडली. दीड महिन्यात ओठ साफ झाला. म्हणून हे लिहितो.

सगळे पांढरे डाग सारखे नसतात. दोन्ही गालांत दातांच्या रेषेत आडवी पांढरी रेघ असेल तर ती बहुधा दातांच्या दाबाची. तिला काही करायचे नाही. स्वच्छ कापडाने हळूच पुसल्यावर पांढरा थर निघाला आणि खाली लाल दिसले, तर बहुधा बुरशी. ती औषधाने जाते. पण मोठ्या माणसाला झाली तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. कवळी रुतून किंवा दात घासून झालेला डाग कारण काढले की जातो.

पुसून न निघणारा आणि कारण न सापडणारा डाग मात्र दाखवायलाच हवा. असे बहुतेक डाग कर्करोगात बदलत नाहीत, पण काही बदलतात. कोणता बदलेल हे नुसत्या डोळ्यांनी डॉक्टरलाही सांगता येत नाही. बारीक तुकडा काढून तपासावा लागतो. तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही समजूत खोटी आहे.

हिशेब सोपा ठेवा : कारण दूर करून दोन आठवडे थांबा, डाग राहिला तर दाखवा. पांढऱ्यात लाल दिसले, कडकपणा आला, रक्त आले, मानेत गाठ लागली किंवा तोंडात तीन बोटे उभी मावेनाशी झाली, तर दोन आठवडेही थांबू नका. डागावर चुना, तुरटी चोळू नका.

"मी नुसती सुपारी खातो" म्हणणाऱ्यांनीही ऐकावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्ये नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. मिश्री लावणाऱ्या आयाबहिणींनीही स्वतःला यातून वगळू नये. राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे, पण कायदा कोणाच्या तोंडात डोकावत नाही. गडचिरोलीत 2016 पासून 'मुक्तिपथ' अभियान दारू-तंबाखूविरुद्ध गावोगाव काम करते आहे. जंगलातल्या जिल्ह्याला हे जमते, मग कारखाना असलेल्या आपल्या भागाला का जमू नये?

संचालक मंडळाला विनंती, की गळीत हंगाम सुरू होताना दरवर्षी तोंडाच्या तपासणीचे शिबिर घ्यावे. सभासदांइतकाच ऊसतोडणी कामगारांचा आणि गाडीवानांचा त्यावर हक्क आहे. तोडणीच्या फडात तंबाखूवर भूक मारणारा माणूस दवाखान्यापर्यंत पोचतच नाही. वजनकाट्याजवळच्या टपरीवरचा मावाही बंद व्हावा.

शिबिर होईल तेव्हा होईल. आज रात्री चूळ भरून, बॅटरीच्या उजेडात घरातल्या प्रत्येकाचे तोंड बघा. डाग निरुपद्रवी निघाला तर झोप शांत लागेल. तसा नसला तर वेळेवर सापडेल.

— एक सभासद