बारा महिन्यांची वॉरंटी, अठरा महिन्यांचा हप्ता

आज पिकाची नोंद नाही. सोयाबीन फुलात आहे, बांधाकडच्या चार ओळींत पिवळा मोझॅक दिसायला लागलाय, त्यावर दोन दिवसांनी लिहितो. आज फोनबद्दल लिहायचंय. फोन आता अवजारांच्या खोलीतच धरायला पाहिजे, आणि हे अवजार बिघडलं की जे ऐकून घ्यावं लागतं त्यानं डोकं फिरलंय.

प्रकार असा. घेऊन चौदा महिने झालेला फोन. पडला नाही, भिजला नाही. रात्री अपडेट झालं आणि सकाळी कंपनीचं चिन्ह येतंय, जातंय, परत येतंय. त्याच्या पुढं फोन सरकेना. सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या ठिकाणी, आमच्यापासून अडुसष्ट किलोमीटर. तिथल्या पोरानं दहा मिनिटांत सांगितलं, "काका, मदरबोर्ड गेला. वॉरंटी संपली. साडेनऊ हजार लागतील, डाटा मिळणार नाही." फोन चौदा हजारांचा. वर सल्ला, "त्यापेक्षा नवीनच घ्या ना." हा फोन अठरा महिन्यांच्या हप्त्यावर घेतलेला. म्हणजे फोन मेला आणि चार हप्ते अजून जिवंत आहेत. बारा महिन्यांपलीकडं ज्या मालाची खात्री बनवणाऱ्याला नाही, त्याच्यावर अठरा महिन्यांचं कर्ज मात्र बिनधास्त दिलं जातं.

कुणी म्हणेल, फोन ही चैनीची गोष्ट, गेला तर गेला. असं म्हणणाऱ्यानं एक खरीप आमच्याबरोबर काढावा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतात उभं राहून फोटो काढायचा, जीपीएसनं जागा पटली तर नोंद होणार, आणि ती सातबाऱ्यावर चढणार. पीएम किसानची ई-केवायसी, ओटीपी फोनवर. महाडीबीटीवर ठिबकचा अर्ज, ओटीपी फोनवर. एप्रिल २०२५ पासून योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो, त्याची नोंदणीही आधारला जोडलेल्या मोबाईल नंबरवर. विहिरीवरची मोटर मोबाईल स्टार्टरवर. हवामानाचा अंदाज, बाजारभाव, कृषी सहायकांचा ग्रुप, सगळं त्याच चौकोनी पाटीत. एवढं सक्तीचं केल्यावर ती चैन राहत नाही. तरी फोनवर जीएसटी १८ टक्के. ट्रॅक्टरवरचा सप्टेंबर २०२५ मध्ये ५ टक्क्यांवर आणला, ते चांगलंच झालं. फोन मात्र जिथं होता तिथंच.

"शेजाऱ्याच्या फोनवरून कर की पाहणी." होय, करता येते, मीही तेच केलं. पण माझ्या फोनमध्ये तीन वर्षांच्या फवारणीच्या तारखा होत्या, माती परीक्षणाचे अहवाल होते, मागच्या पावसात पाण्याखाली गेलेल्या तुकड्याचे फोटो होते. सिम काढून दुसरीकडं घातलं की ह्या गोष्टी त्याच्याबरोबर जात नाहीत.

आता मोटरचं बघा. आमच्या विहिरीवरची पाच एचपीची मोटर वडिलांनी घेतलेली. तीन वेळा जळली. एकदा फेज गेला, एकदा बेअरिंग जाम झालं, एकदा उंदरानं केबल कुरतडली. दरवेळी तालुक्याला नेली. रिवाइंडिंगवाला वॉरंटी कार्ड मागत नाही. जुनी तार काढतो, गेज मोजतो, नवी तार भरतो, वार्निश मारतो, दोन दिवसांत मोटर परत पाण्यावर. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. ६२०५ म्हटलं की आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, जाडी १५, मग बनवणारी कंपनी कुठलीही असो. दुकानात नंबर सांगायचा, बेअरिंग घेऊन यायचं. त्या चार आकड्यांवर आमची निम्मी शेती उभी आहे. बंद पडलेल्या कंपनीची मोटरसुद्धा आज चालू आहे, कारण तिचा भाग कुणा एकाच्या मुठीत नाही.

फोनचं उलटं. ह्या मॉडेलची बॅटरी त्याच कंपनीच्या पुढच्या मॉडेलला बसत नाही. वर ती गोंदानं चिकटवलेली, मागचं झाकण गरम केल्याशिवाय निघत नाही, आणि काढताना चिरलं तर जबाबदारी तुमची. पडदा, म्हणजे ज्याला दुकानदार फोल्डर म्हणतात तो, काच आणि डिस्प्ले एकत्र चिकटवून येतो; वरची काच फुटली तरी किंमत सगळ्याची. दोन वर्षांत मॉडेल बंद, मग अस्सल भाग मिळत नाही आणि तालुक्याच्या दुकानात कॉपी माल. तालुक्याच्या कारागिराला माझा राम राम आहे, तो हुशार आहे. पण कंपनी त्याला नकाशा देत नाही, भाग देत नाही. आणि फोन त्यानं उघडला की वॉरंटी शिल्लक असली तरी सेंटरवाले ती नाकारायला बघतात. हाताला काम असलेल्या माणसाचे हात बांधायचे आणि मग म्हणायचं, गावात चांगली दुरुस्ती होत नाही.

त्यातही भांडवली थट्टा अशी की बऱ्याच फोनच्या माहितीपुस्तिकेत वापराचं तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस छापलेलं असतं. अकोल्यात, जळगावात, परभणीत मे महिन्यात सावलीत पारा चाळीसच्या वर असतो. उष्णतेनं लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. मग हा माल विदर्भ-मराठवाड्यात विकताना कुणाला प्रश्न पडला नाही? घाम लागून सिमच्या खाचेतली पांढरी खूण लाल झाली की "पाणी गेलंय" म्हणून हात वर करतात. शेतकऱ्याच्या खिशात घाम नसणार तर काय असणार? धूळ, ऊन, घाम हा ह्या देशातला साधा वापर आहे. ह्याला गैरवापर म्हणणं मला मान्य नाही.

आता मुद्द्याचं. "वॉरंटी संपली" हे वाक्य आपल्याला असं ऐकवतात जणू मुदत गेल्यावर कायदाही संपतो. तसं नाही. वॉरंटी म्हणजे कंपनीनं स्वतः दिलेलं वचन, की इतके महिने फुकट दुरुस्त करून देऊ. माल सदोष नसावा ही जबाबदारी त्याहून वेगळी आहे आणि ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधून येते. हा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा आयोगाकडं जाता येतं. आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, कंपनीचं कार्यालय बंगळुरूला का असेना. ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. वकील असलाच पाहिजे असंही नाही. बाराव्या महिन्यापर्यंत धडधाकट असलेला फोन चौदाव्या महिन्यात कंपनीच्याच अपडेटनं मरत असेल, तर दोष आतला होता की नाही हा प्रश्न विचारायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

हे बियाण्याच्या लढाईतून आपण शिकलेलोच आहोत. सोयाबीन उगवलं नाही की कंपनी आधी काय म्हणायची? खोल पेरलं, ओल नव्हती, तुमचीच चूक. आणि कोर्टात म्हणायची, शेतकरी हा ग्राहकच नाही, तो धंद्यासाठी बियाणं घेतो. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात हा मुद्दा फेटाळला. शेतकरी ग्राहक आहे, त्याला ग्राहक मंचाकडं जाता येतं. उद्या कुणी म्हणालं की तुम्ही फोन शेतीच्या धंद्याला वापरता म्हणून ग्राहक नाही, तर हा निकाल आठवा.

पण बियाण्याच्या वेळी आपण पिशवी, टॅग, लॉट नंबर, पावती जपून ठेवतो आणि पंचनामा करून घेतो. फोनच्या वेळी तोंडी उत्तर ऐकून घरी येतो. तिथंच खेळ बिघडतो. सेंटरला फोन दिला की जॉबशीट मागा, लेखी. त्यावर बिघाड काय ते लिहायला लावा, आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाहेरून मार नाही, आत पाणी नाही हे लिहून घ्या. ते लिहायला टाळाटाळ करतील. अडून बसा. हा कागद म्हणजे तुमचा पंचनामा, पुढं कुणी "तुम्हीच पाडला असेल" म्हणालं तर तोच कामाला येतो. दुरुस्तीचा अंदाज भागागणिक मागा, "साडेनऊ हजार" असा गोळा आकडा नको. भाग बदलला तर जुना परत मागा. आयएमईआय नंबर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आधीच वहीत लिहून ठेवा. फोन मेल्यावर तो कुठून बघणार?

मग कंपनीला लेखी तक्रार, मेल करून. ती झाली की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथून दखल गेली की अनेकदा कंपनीचा सूर बदलतो. मला पहिल्यांदा साडेनऊ हजार सांगणाऱ्यांनी अकराव्या दिवशी "मजुरी माफ, बोर्डवर निम्मी सवलत" असा फोन केला. जर काहीच करता येत नव्हतं तर हे कुठून आलं? पडद्यावर हिरवी रेघ येण्याची तक्रार देशभर झाली तेव्हा काही कंपन्यांनी मुदत संपलेल्या फोनचे पडदेही फुकट बदलून दिले. म्हणजे करता येतं. ओरड किती होते त्यावर ठरतं, आणि गावाकडची ओरड अडुसष्ट किलोमीटरवर ऐकू जात नाही. मी सवलत घेतलेली नाही. ई-जागृतीवर दावा भरलाय. आयोग प्रत्येक वेळी आपल्याच बाजूनं देईल असं नाही. दोष मुळातला होता हे दाखवावं लागतं, गरज पडली तर वस्तू तपासणीला जाते. वेळ लागेल. लागू दे.

सरकारनं काय केलं म्हणाल, तर जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या चार विषयांत शेती अवजारं आणि मोबाईल दोन्ही आहेत, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल आलं. पोर्टलवर कंपन्यांचे पत्ते आणि माहिती मिळते. सुटा भाग द्याच अशी सक्ती कुणावर नाही. मे २०२५ मध्ये दुसऱ्या समितीचा अहवाल आला, की फोनवर दुरुस्ती किती सोपी ह्याचे गुण छापावेत. फ्रान्समध्ये असे गुण १ जानेवारी २०२१ पासून छापून येतात. युरोपीय संघानं २० जून २०२५ पासून नियमच लावला: मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत, पाच वर्षं अपडेट मिळाले पाहिजेत, आणि बॅटरीनं ८०० वेळा चार्ज झाल्यावरही ८० टक्के दम धरला पाहिजे. त्याच कंपन्या तिकडं हे करतात. इकडं करायला त्यांना कुणी सांगितलेलं नाही, एवढंच.

आपली मागणी त्यापेक्षाही साधी आहे. खोक्यावर बॅटरीची आणि पडद्याची किंमत छापा, म्हणजे घेतानाच कळेल. भाग तालुक्याच्या कारागिराला विका. आणि ज्या फोनवर सरकारी ॲप सक्तीचं आहे, त्या फोनची वॉरंटी निदान तीन हंगामी वर्षं असू दे. ते जमत नसेल तर सक्ती काढा आणि तलाठ्याच्या वहीत नोंद करायची वाट उघडी ठेवा.

कृषी विभागातल्या आणि विद्यापीठातल्या मित्रांना वेगळं सांगतो. तुमचं ॲप नवीन अँड्रॉइड मागतं तेव्हा गावातले चांगले चालणारे फोन एका रात्रीत भंगार होतात. "तुमच्या फोनवर हे ॲप चालणार नाही" ही ओळ मी ह्याच महिन्यात दोघांच्या फोनवर वाचली. फोन धड आहे, बॅटरी धड आहे. ॲप बनवणाऱ्याला चार वर्षांपूर्वीचा फोन हातात देऊन बांधावर उभं करा, एवढी विनंती आहे.

दाव्याची तारीख लागली की इथं टाकीन. तोवर एक काम करा, आजच. दुकानदारानं दिलेलं बिल काढून बघा. चकचकीत कागदावरची शाई उन्हाळ्यात उडते, माझ्या बिलावरची तारीख जेमतेम दिसत होती. झेरॉक्स काढून सातबाऱ्याच्या फाईलला लावा. बिलच दिलं नसेल तर मागा. बिल न देणं ही कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि बिलाचा फोटो काढणार असाल तर तो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर काढा.